ढगाळ हवेत झोपणारे नोड: तासगाव भागातल्या एका द्राक्षबागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. हे प्रकरण शेवटच्या वर्षाच्या तीन मुलांच्या प्रोजेक्टमधून सुरू झालं आणि त्यांची परीक्षा होऊन गेल्यावरही वर्षभर चाललं. बाग तासगाव तालुक्यातली. मालकांना गावात सगळे आबा म्हणतात, इथंही तेवढंच नाव पुरे.

आबांची बाग पाच एकर, सगळी बेदाण्याची. आम्ही तिथं चार नोड बसवले होते. नोड म्हणजे एक छोटा कॅमेरा, पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजणारा सेन्सर, वायफायचा बोर्ड, एक लिथियम सेल आणि वर तळहाताएवढं सोलर पॅनेल. दर दहा मिनिटांनी नोड जागा व्हायचा, पानांचा फोटो काढायचा, घराच्या गच्चीवरच्या अँटेनाकडे पाठवायचा आणि पुन्हा झोपायचा. फोटोत दावण्याचे किंवा भुरीचे, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांचे, डाग आहेत का, हे ओळखायचं काम घरातल्या एका लहानशा कॉम्प्युटरचं. इंटरनेट नसलं तरी काम अडू नये म्हणून हिशोब क्लाउडवर न करता बागेच्या उंबऱ्यावरच करायचा. यालाच एज कॉम्प्युटिंग म्हणतात.

हे सगळं आम्ही एप्रिलमध्ये, खरड छाटणी झाल्यावर बसवलं. मांडवावर पान नव्हतं. गच्चीवरून नोड नुसत्या डोळ्यांनी दिसत नसले तरी सिग्नल मिळत होता. मुलं खूश, मीही खूश. पहिली चूक तिथंच झाली होती, पण ती कळायला नोव्हेंबर उजाडावा लागला.

अडचण

घराजवळच्या दोन नोडना काही त्रास नव्हता. मागच्या प्लॉटमधले दोन मात्र घरापासून साधारण २०० मीटरवर, आणि मध्ये बेदाणा शेड. शेडच्या कडेला माल ठेवायची पत्र्याची खोली आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. पत्र्याच्या भिंतीतून ती आरपार जात नाही, कडेनं वळून जे काही पोचतं तेवढंच. एप्रिलमध्ये हे पोचणं उणे ७४ डीबीएम होतं, म्हणजे बरं म्हणावं असं. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर.) फळछाटणीनंतर मांडव भरला, पानं पावसानं आणि दवानं ओली राहू लागली, तेव्हा तेच उणे ८६ वर आलं. बारा डेसिबल म्हणजे ताकद सोळाव्या हिश्शावर.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आभाळ आलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मागचा एक नोड गेला, रात्रीत दुसरा. पुढच्या दोन दिवसांत, नेमक्या त्याच कोपऱ्यात दावण्या घडांवर उतरला. आबांचा फोन आला तेव्हा ते रागावलेले नव्हते, ते जास्त लागलं. म्हणाले, "सर, ऊन असलं की तुमचं यंत्र जागं असतंय. ढग आलं की ते झोपतंय अन् दावण्या उठतोय."

या वाक्यात अडचण पूर्ण येते. ज्या हवेत रोग वाढतो त्याच हवेत पॅनेल निकामी होतं, आणि ओल्या पानांमुळे नोडचा खर्च त्याच दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

मोजमाप

आधी आम्ही बॅटरीला दोष दिला. दोन सेल बदलले, काही फरक पडला नाही. मग मुलांपैकी एकीनं नोडच्या वायरीत छोटा रोधक घालून ऑसिलोस्कोपवर त्याचा प्रवाह बघितला. पुढच्या नोडचं सगळं काम सहा सेकंदांत उरकत होतं. मागचा नोड चाळीस सेकंद जागा राहत होता. फोटो जेमतेम ६० किलोबाइटचा, तो पाठवायला एवढा वेळ लागत नाही. वेळ जात होता राउटरशी जोडणी करण्यात, ती तुटण्यात, पुन्हा करण्यात आणि सगळ्यात खालच्या वेगानं तेच तेच पॅकेट परत पाठवण्यात.

जागं असताना नोड साधारण एक वॉट खातो, म्हणून हिशोब सोपा आहे: सेकंदाला एक जूल. चाळीस सेकंद, दिवसातून १४४ वेळा, म्हणजे ५.८ किलोजूल. झोपेतही बोर्ड ५ व्होल्टवर ६ मिलिअँपिअर घेत होता, त्याचे दिवसाला २.६. एकूण ८.४. एका २६०० मिलिअँपिअर-तासाच्या सेलमधून वापरता येण्याजोगे सुमारे २८ किलोजूल धरले, तर ऊन नसताना तीन दिवस आणि वर काही तास. नोड बरोबर तिसऱ्या दिवशीच मेले होते.

हा हिशोब फळ्यावर लिहिला तेव्हा आमचं सगळ्यांचं लक्ष ५.८ या आकड्यावर होतं. खालच्या २.६ कडे कुणी बघितलं नाही. त्यावर पुढे येतो.

पुढ्यातले पर्याय

मोठं पॅनेल आणि दुप्पट सेल हा पहिला विचार. आबांनीच तो मोडला. या भागात विहिरीवरची केबलसुद्धा रात्रीत कापून नेतात. मांडवावर चकाकणारं मोठं पॅनेल किती दिवस टिकेल?

फोटो नोडवरच तपासावा का, हेही बघितलं. मग पाठवायचा फक्त "डाग आहे" किंवा "नाही" एवढा निकाल. पण त्या बोर्डवर बसेल इतकं छोटं मॉडेल घेतलं तर ते औषधाच्या पांढुरक्या डागांना भुरी समजायचं, आणि एका फोटोला लागणारा वेळही पाठवण्याच्या वेळेपेक्षा फार कमी नव्हता. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालणारा लोरा दूर जातो आणि वीजही थोडी खातो, पण त्यावरून आकडे जातात, फोटो नाही.

मधे एक रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा पुढं पाठवणारं यंत्र, लावणं हा सरळ उपाय. शेडला वळसा घालायचा तर जागा बांधावर होती, आणि बांधापलीकडे आबांचे चुलतभाऊ. "बांधावर खांब रोवायचा म्हणजे आधी मोजणी आणायची," एवढंच आबा बोलले. तो विषय संपला. मग लक्ष गेलं विहिरीजवळच्या पाण्याच्या टाकीकडे. टाकी लोखंडी मनोऱ्यावर आहे, आबांच्याच रानात, आणि तिथून गच्चीही दिसते, मागचा प्लॉटही. प्लॉट तिथून ४० मीटर, घर १६०. पण मोटारीची थ्री-फेज वीज ठरलेल्या तासांतच येते. रिपीटर तीनेक वॉट चोवीस तास खाणार, म्हणजे त्याला स्वतंत्र पॅनेल, बॅटरी, चार्जर. पुन्हा चोरीचा प्रश्न.

आणि मुलांच्या प्रोजेक्टचं नावच मुळी होतं इंटेलिजंट रिफ्लेक्टिंग सरफेस. म्हणजे अनेक छोट्या धातूच्या चकत्यांचा एक फलक. प्रत्येक चकतीमागे एक डायोड असतो आणि तो चालू-बंद केला की त्या चकतीवरून परतणाऱ्या लहरीची कला, म्हणजे फेज, बदलते. सगळ्या चकत्यांच्या कला जुळवल्या की परतणाऱ्या लहरी हव्या त्या दिशेला एकमेकींत मिळतात. फलक स्वतः काही प्रक्षेपित करत नाही, आलेलं फक्त वळवतो. क्विंगक्विंग वू आणि रुई झांग या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलं की मिळणारी ताकद चकत्यांच्या संख्येच्या वर्गानं वाढते: चकत्या दुप्पट, ताकद चौपट. एज कॉम्प्युटिंगच्या संदर्भात यावर ढिगानं काम झालं आहे: किती हिशोब नोडवर करायचा, किती पाठवायचा, किती ताकदीनं पाठवायचा आणि फलकाच्या कला काय ठेवायच्या, हे सगळं एकत्र सोडवून ऊर्जा कमीत कमी करायची.

टाकीचा मनोरा बघितल्यावर मुलांचे डोळे चमकले. माझेही. इथं मी मार्गदर्शक म्हणून थांबून दोन प्रश्न विचारायला हवे होते, ते मी उशिरा विचारले.

निर्णयाची पहिली जागा: फलक की पत्रा

प्रयोगशाळेत मुलांनी आठ बाय आठ, म्हणजे ६४ चकत्यांचा तुकडा बनवला. चकत्या अर्ध्या लहरीच्या अंतरावर, म्हणून तुकडा अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. कॉरिडॉरच्या कोपऱ्यात ठेवला की सिग्नल वाढलेला दिसायचा. मोबाइलवर हिरवी रेघ वर चढली की मुलं टाळ्या वाजवायची. टाकीवर असे चार तुकडे जोडून २५६ चकत्यांचा, एक मीटर चौरस फलक लावायचं ठरत होतं.

मी एकाच्या हातात मल्टिमीटर दिला आणि म्हटलं, याचा स्वतःचा खर्च मोज. पिन डायोड चालू ठेवायला प्रत्येकी ५ मिलिअँपिअर. ६४ पैकी निम्मे चालू धरले तरी ३.३ व्होल्टवर अर्धा वॉट. चार तुकड्यांचे दोन वॉट. दिवसाला १७३ किलोजूल. ज्या दोन नोडचे मिळून १७ किलोजूल वाचवायला निघालो, त्यांच्यासाठी दहापट खर्च. "पॅसिव्ह आहे", म्हणजे स्वतः वीज खात नाही, हे वाक्य प्रोजेक्टच्या अहवालात तीन ठिकाणी होतं.

मुलांनी बाजू चांगली लढवली. फलक चोवीस तास कशाला, नोडच्या वेळेपुरता चालू करू. पण मग फलकालाही वेळ पाळावी लागते, नोडच्या आणि त्याच्या घड्याळात फरक पडला की सगळं मुसळ केरात. पिन डायोडऐवजी व्हॅरॅक्टर, म्हणजे नुसत्या व्होल्टेजवर चालणारे डायोड, घेऊ, त्यांना प्रवाह जवळजवळ लागत नाही. खरं आहे, पण त्यांना प्रत्येकी वेगळं व्होल्टेज द्यावं लागतं आणि ते देणाऱ्या चिपा उपाशी चालत नाहीत. शिवाय डायोड नुसता चालू-बंद, म्हणजे कलेच्या दोनच पायऱ्या. त्यात आदर्श फलकाच्या तुलनेत सुमारे ४ डेसिबल जातात. एमिल ब्योर्नसन आणि सहकाऱ्यांनी साध्या रिपीटर-पद्धतीच्या रिलेशी तुलना करून दाखवलंय की रिलेला मागं टाकायचं तर चकत्या शेकड्यांनी लागतात. कारण लहरीला अंतराचा दंड दोनदा बसतो, एकदा फलकापर्यंत आणि एकदा पुढं. दोन्ही दंडांचा गुणाकार होतो, बेरीज नाही.

मग दुसरा प्रश्न, जो आधी विचारायला हवा होता: नोड हलतो का? नाही, खांबाला बांधलेला आहे. गच्ची हलते का? नाही. टाकी? तीही नाही. तिन्ही जागा पक्क्या असतील तर कला दर क्षणी बदलायच्या कशासाठी? एकच कोन हवा, तोही कायमचा. तेवढ्यासाठी सपाट पत्रा पुरतो. डोंगराळ भागातल्या मायक्रोवेव्ह टेलिफोनच्या मार्गांवर असे मोठे सपाट परावर्तक अर्धशतकापूर्वीही होते. पत्र्याला वीज लागत नाही, आणि तो चोरून कुणाला फार काही मिळत नाही.

एक मुलगा नाराज झाला. "सर, मग प्रोजेक्टमध्ये उरलं काय?" त्याचं बरोबर होतं. आम्ही तोडगा काढला: अहवालात फलकाचा तुकडा, त्याच्या खर्चाची मोजणी आणि पत्र्याशी तुलना. परीक्षकांना ती तुलनाच आवडली, असं तो नंतर सांगत होता.

काय केलं

अॅल्युमिनियमचा आठ बाय चारचा एक पत्रा घेतला आणि मधोमध कापून चार फुटी दोन तुकडे केले. नोड दोन होते आणि एका पत्र्यानं दोघांना भागत नव्हतं. चार फूट रुंद पत्र्यावरून परतणारा झोत जेमतेम सहा अंशांचा असतो. चाळीस मीटरवर तो चारेक मीटर पसरतो, आणि नोड एकमेकांपासून तीस मीटर दूर. खरा हुशार फलक इथं कामी आला असता: आळीपाळीनं एकेका नोडकडे वळला असता. पण दोनच नोड असताना दोन पत्रे स्वस्त पडतात. शेडवरचा उरलेला नालीदार पत्रा वापरा म्हणून आबा म्हणत होते. त्याची नाली दीड-पावणेदोन सेंटीमीटर खोल असते, लहर त्यावरून विस्कटते. सपाटपणात आठ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, म्हणून मागून अँगलची चौकट मारून घेतली.

कोन लावायची गंमत सांगितली पाहिजे. कंपास, प्रोट्रॅक्टर, मोबाइलचं अॅप, सगळं करून झालं. मनोऱ्याच्या लोखंडाशेजारी मोबाइलचा कंपास गिरक्या घेत होता. शेवटी आबांच्या सूनबाईंनी घरातून एक हातातला आरसा आणून दिला. तो पत्र्यावर मधोमध चिकटपट्टीनं सपाट बसवला. दिवस मावळल्यावर एक मुलगा नोडजवळ मोबाइलचा टॉर्च वर धरून उभा, एक गच्चीवर डोळे लावून आणि तिसरी मनोऱ्यावर पाना घेऊन. पत्रा एक अंश फिरला की झोत दोन अंश फिरतो, त्यामुळे "थोडं डावीकडं" म्हणजे नटाचा अर्धा आटासुद्धा नाही. गच्चीवरच्याला आरशात टॉर्चचा ठिपका लखकन दिसला आणि तो ओरडला, "दिसला, आवळ!" उजेड आणि रेडिओलहर, दोघांनाही परावर्तनाचा नियम एकच. दुसरा पत्रा वीस मिनिटांत झाला.

त्याच दिवशी, शिडी आणलीच आहे म्हणून, नोडच्या अँटेना मांडवाच्या आतून काढून हातभर वर घेतल्या. ही आमची दुसरी चूक. काम म्हणून योग्य, प्रयोग म्हणून चूक: दोन गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कुणाचं ते कळत नाही.

रात्री सिग्नल होता उणे ६८. कागदावर पत्र्याचं क्षेत्रफळ, दोन्ही अंतरं आणि अँटेना धरून उणे ६४ ते ६५ यायला हवं होतं. खेड्यातल्या मनोऱ्यावर हातानं आवळलेल्या पत्र्यासाठी तीन-चार डेसिबलची तूट मला मान्य आहे. मागचे नोड आता पुढच्यांसारखेच सहा सेकंदांत झोपी जात होते.

निष्पत्ती

दिवसाचा पाठवण्याचा खर्च ५.८ किलोजूलवरून ०.९ वर आला. एकूण ८.४ वरून ३.५. ऊन नसताना तीन दिवस चालणारा नोड आठ दिवस चालेल, असा हिशोब. डिसेंबरात दोनदा आभाळ आलं, नोड मेले नाहीत. त्या हंगामातला दावण्याचा फटका मात्र बसून गेला होता. त्याची भरपाई कुठल्या पत्र्यानं होत नाही.

मग फोटोंचा ढीग चाळताना तिसरी गोष्ट सापडली. निम्मे फोटो काळे होते. रात्रीचे! फर्मवेअरमध्ये, म्हणजे नोडमधल्या प्रोग्रॅममध्ये, दर दहा मिनिटांनी फोटो, दिवस-रात्र, असं राहून गेलं होतं आणि घरातला कॉम्प्युटर इमानेइतबारे काळोखात डाग शोधत होता. पानाचा ओलावा रात्रीही मोजायलाच हवा, पहाटेचं दव तर हवंच. पण तो आकडा साठवून सकाळी पाठवता येतो. रोगाच्या इशाऱ्याला तासाभराचा उशीर चालतो, मिलिसेकंदांची घाई तिथं नसते. ६० ओळींचा बदल, पाठवण्याचा खर्च निम्मा.

आणि मग तो २.६. पाठवण्याचा खर्च ०.४ वर आल्यावर झोपेचा खर्च डोळ्यांत खुपायला लागला. दिवसभराचा हिशोब केला तर नोड झोपेत जागेपणीच्या सहापट खात होता. कॅमेरा आणि व्होल्टेज रेग्युलेटर झोपतच नव्हते. एक टायमर चिप आणि एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, घालून बोर्डाची वीजच तोडली. पन्नास-साठ रुपयांचं काम. आता नोडला दिवसाला अर्धा किलोजूल लागतो. ढग पन्नास दिवस राहिले तरी चालेल, आणि तेवढे राहिले तर आबांना नोडपेक्षा मोठ्या चिंता असतील.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं एका पत्र्याची चौकट पिळली. तो पत्रा आकाशाकडे तोंड करून बसला. हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, कारण फोटो येतच होते. नोंदी काढून बघितल्या: सिग्नल उणे ७८, जागं राहण्याचा वेळ पंधरा सेकंद. म्हणजे उणे ८६ वरून ७८ पर्यंतचं काम उंच केलेल्या अँटेनाचं होतं, आणि चाळीस सेकंदांतले पंचवीस तिनंच वाचवले होते. पत्र्याच्या वाट्याला नऊ. नव्या फर्मवेअरनं, नव्या झोपेनं आणि पत्र्याशिवाय तो नोड ऊन नसताना चोवीस दिवस चालला असता.

पुन्हा करायचं झालं तर

सिग्नलची चाचणी एप्रिलच्या उघड्या बागेत घेणार नाही. घेतली तरी भरल्या, ओल्या मांडवासाठी बारा-पंधरा डेसिबल हातचे राखून जागा ठरवेन.

पहिल्याच आठवड्यात चोवीस तासांचा पूर्ण ऊर्जा-हिशोब मांडेन, झोपेसकट. आम्ही "पाठवण्याची ऊर्जा" असं नाव घेऊन निघालो होतो, म्हणून तीच दिसली. घरातला कॉम्प्युटर दहा वॉट चोवीस तास खातो, म्हणजे दिवसाला ८६४ किलोजूल, चारही नोड मिळून त्याच्या पासंगाला पुरत नाहीत. तो घरच्या विजेवर आहे म्हणून आम्ही त्याला हिशोबात धरलंच नाही. बागेपुरतं ते ठीक, पण "ऊर्जा-कार्यक्षम" हा शब्द अहवालाच्या मुखपृष्ठावर छापताना मला तो आकडा आठवायला हवा होता.

बदल एकेक करून, मध्ये चार-चार दिवस ठेवून करेन: आधी फर्मवेअर, मग झोप, मग अँटेना. त्यानंतरही गरज उरली तर पत्रा.

हुशार फलकाला मी नकार देत नाही. फवारणीचे ड्रोन किंवा बागेत फिरणारा ट्रॅक्टर हेच नोड झाले, टोक सतत हलू लागलं, आणि फलकाचा खर्च वाटून घ्यायला दोनऐवजी पन्नास नोड असले, तर पत्र्याचा काही उपयोग नाही आणि हिशोब फलकाच्या बाजूनं फिरू शकतो. त्या वेळी मोजायची पहिली गोष्ट मात्र फलकाचा स्वतःचा खर्च.

पिळलेला पत्रा आबांनी खाली उतरवून मोटारीच्या स्टार्टरवर पावसापासून आडोसा म्हणून ठोकला आहे. दुसरा अजून टाकीवर आहे. तो काढू का, असं विचारलं तर म्हणाले, "राहू दे की. संध्याकाळी त्याच्यावर ऊन पडलं की घरातनं दिसतंय, मोटारीकडं कोण गेलंय ते."